बेंगॉल मांजर घ्यायच्या आधी हे वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत बेंगॉल मांजरावरचा लेख वाचला. फोटो एकदम झकास आलेत, पण त्यात "केस आखूड असल्याने देखभाल फारशी लागत नाही, फ्लॅटसाठी उत्तम" असं जे छापलंय ना, ते वाचून राहवेना म्हणून लिहायला बसले. केसांचं म्हणाल तर खरंय, आठवड्यातून एकदा रबरी ब्रश फिरवला की झालं, पर्शियनसारखं गुंते सोडवत बसावं लागत नाही. पण केस सोडून उरलेलं अख्खं मांजर सांभाळायचं असतं, त्याचं काय? त्याबद्दल लेखात एक ओळ नाही.

आमच्याकडे सांगलीच्या गावभागात एक बेंगॉल बोका आहे, साडेपाच किलोचा, नसबंदी झालेला, धाकटीने नाव ठेवलंय भडंग. हा गडी बेसिनचा लिव्हरवाला नळ पंजाने वर करतो, धारेखाली डोकं घालतो आणि ओल्या पायांनी ओट्यावरून फ्रिजवर, फ्रिजवरून माळ्यावर. कडी नीट लागली नसेल तर हँडलला लोंबकळून दार उघडतो. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या याच्या अंगात येतं. अंगात काही येत नाही, त्याला काम नाही. तालमीतल्या पैलवानाला वन बीएचकेत कोंडून घालायचं आणि वर म्हणायचं गप्प का बसत नाही, तसला प्रकार आहे हा.

मुळात ही जात बंगालची नाहीच. आशियात ठिपक्यांचं एक छोटं जंगली मांजर असतं, आपल्या सह्याद्रीतही आहे, बिबट मांजर म्हणतात त्याला, त्याचा आणि घरच्या मांजराचा संकर करून अमेरिकेत कॅलिफोर्नियात ही जात तयार झाली. जीन मिल नावाच्या बाईंनी १९६० च्या दशकात पहिला प्रयत्न केला, मग १९८० च्या दशकात पुन्हा जोर लावला आणि १९८६ मध्ये तिथल्या द इंटरनॅशनल कॅट असोसिएशनने नोंदणीसाठी घेतली. या संकराच्या पहिल्या तीन पिढ्यांचं मांजर घरात ठेवायच्या लायकीचं नसतं, त्यातले बोके तर बहुतेक वांझच निघतात. चौथ्या पिढीपासून पुढचं मांजर घरगुती धरतात आणि स्वभावाने ते माणसाळलेलंच असतं, पण ती चढायची, पाण्यात हात घालायची आणि कायम कशाच्या तरी मागे लागायची खोड काही जात नाही. म्हणून विकणारा पिढी कुठली ते सांगत नसेल, आईबापाचे कागद दाखवत नसेल तर सरळ निघून यायचं. आपल्याकडे ठिपकेवालं साधं गावठी पिल्लू बेंगॉल म्हणून खपवणारेही आहेत, आणि तसं गावठी पिल्लू फुकट मिळत असेल तर खुशाल घ्या, ते उलट काटक असतं.

आता काम म्हणजे काय ते सांगते. मांजराचा जीव शिकारीत असतो, दबा धरायचा, झडप घालायची, खायचं, अंग चाटायचं आणि झोपायचं, हा त्याचा क्रम. तर आम्ही काठीला दोरी आणि दोरीला कोंबडीचं पीस बांधलंय, ते सोफ्यामागून सरपटवायचं, नुसतं तोंडासमोर हलवायचं नाही कारण कुठलाच उंदीर आपणहून मांजराच्या तोंडात येत नाही, दहा-पंधरा मिनिटं पळवायचं, शेवटी त्याला पकडू द्यायचं आणि लगेच खायला घालायचं. हे संध्याकाळी एकदा आणि रात्री झोपायच्या आधी एकदा केलं की पहाटे चारला छातीवरून धावायचं प्रमाण निम्म्यावर येतं. लेसरच्या लाल ठिपक्यामागे पळवणारे व्हिडिओ भारी वाटतात, पण हाताला काहीच लागत नाही म्हणून मांजर चिडचिडं होतं, पळवायचंच असेल तर शेवटी तो ठिपका खाऊवर नेऊन थांबवा. आणि खेळ झाला की दोरी कपाटात. हे फार महत्त्वाचं आहे बरं का, दोरा, लोकर, गजऱ्याचा दोरा मांजर गिळतं आणि तो आतड्यात अडकला तर ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं.

जागा लागते ती उंचीची. सुताराकडून प्लायच्या चार फळ्या जिन्यासारख्या भिंतीवर मारून घेतल्या आणि एका खांबाला काथ्याची दोरी गच्च गुंडाळली, झालं. खांब मात्र मांजर मागच्या पायांवर उभं राहून ताणलं तरी पुरेल इतका उंच हवा आणि हलता कामा नये, डगमगला की ते परत सोफ्याकडेच जातं. नखं उपटून टाकता येतात का असं मला एका बाईंनी विचारलं होतं, तर बाई, त्यात नुसतं नख जात नाही, बोटाचं शेवटचं हाड कापतात. गॅलरीला लोखंडी जाळी लावा, मच्छरदाणीची जाळी हा बोका दोन मिनिटांत फाडतो.

शिकवलं तर ही जात पटापट शिकते. आम्ही बॉलपेनचं बटण टक करून वाजवतो आणि लगेच चिकनचा एवढुसा तुकडा देतो, त्यावर तो बसायला, हाक मारली की यायला आणि पट्टा घालून गच्चीवर फिरायला शिकला. पण सगळ्यात उपयोगाचं काय शिकला असेल तर मांजर न्यायच्या पेटीत जायला. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की आमच्या भागात सामान वर चढायला लागतं, २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. ऐन वेळी घाबरलेलं मांजर पेटीत कोंबणं म्हणजे हात फाडून घेणं, आणि बऱ्याचदा ते पलंगाखाली जाऊन बसतं ते बाहेरच येत नाही. म्हणून पेटी बारा महिने घरात उघडी ठेवायची, आत जुनी चादर, अधूनमधून जेवण तिथेच. भडंग दुपारची झोप त्यातच काढतो.

खाण्याच्या बाबतीत दूध-चपाती हे आपल्याकडचं जुनं खूळ आहे. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि चपातीत त्याला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य नसतं. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय कमजोर होतं, हृदयाचं तर १९८७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं आणि त्यानंतर कंपन्यांनी मांजराच्या खाद्यात टॉरिन वाढवलं. म्हणून कुत्र्याचं खाद्य मांजराला चालत नाही. मांजराचंच थोडं खाद्य आम्ही बाटलीला भोकं पाडून आत भरतो, भडंग ती अर्धा तास लोळवत बसतो.

फिनेलबद्दल तर कुणीच बोलत नाही. आपण फरशी फिनेलने पुसतो, मांजर त्यावरून चालतं आणि पाय चाटतं, आणि असली रसायनं निकामी करायची ताकद मांजराच्या लिव्हरमध्ये फार कमी असते. त्याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, ताप आलाय म्हणून अर्धी गोळी दुधातून दिली असले उद्योग कृपा करून करू नका. कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिनवालं औषधही मांजराला विषच. पिल्लाच्या लशी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात, रेबीजची साधारण तीन महिन्यांनी, नसबंदी पाच-सहा महिन्यांच्या सुमारास, नाहीतर बोका घरभर फवारे मारत सुटतो मग धूप लावा नाहीतर काय लावा. बेंगॉलमध्ये हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार असतो, तेव्हा वर्षाला एकदा डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या, आणि विकत घेताना आईबापाच्या डोळ्यांची जनुकीय तपासणी झालीय का विचारा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कुणी देत असेल तर घेऊ नका, बारा आठवडे आईजवळ राहिलेलं जास्त शहाणं निघतं.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल नको बाबा, तर चांगलंच आहे. दिवसभर दोघं नवराबायको ऑफिसात आणि मांजर एकटं असं असेल तर ही जात घेऊच नये, घ्यायचंच तर एकाच्या जोडीला दुसरं आणा. नाहीतर सहा महिन्यांत फुकट न्या अशी पोस्ट पडते, अशा पोस्टी मी पाहतेय.

आणि लेखापेक्षा गंभीर गोष्ट शेवटी. मागच्या हंगामात एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ठिपक्यांच्या दोन पिल्लांचा फोटो फिरत होता, खाली लिहिलेलं "देशी बेंगॉल, उसात सापडले". ते बेंगॉल नव्हतं, ती वाघाटीची पिल्लं होती. वाघाटी म्हणजे जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक, मोठी झाली तरी दीड किलोच्या आसपास, आपल्या सातारा-सांगलीच्या उसात पिल्लं घालते आणि तोड सुरू झाली की ती उघडी पडतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाघाटीही पहिल्या अनुसूचीत आहे आणि बिबट मांजरही, पाळणं-विकणं गुन्हा आहे, तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. पिल्लं दिसली तर उचलायची नाहीत, आई बहुतेक जवळपासच असते. तोडणी थोडी थांबवून वनखात्याला १९२६ वर फोन करायचा, ते लोक पिल्लं त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि रात्री आई येऊन एकेक उचलून नेते. तुमच्या लेखाची दुरुस्ती छापणार असाल तर तो नंबर त्यात ठळक टाका, आणि जमलं तर कारखान्यांच्या ऊसतोड टोळ्यांपर्यंत पोचेल असा आतल्या पानावरही टाका, गळीत हंगाम तोंडावर आलाय.

आपली,
एक वाचक, गावभाग, सांगली