बाबा, ती कॅप्सूल बंद करू नका

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

बाबा, तुम्हाला कॅन्सरसाठी दिलेल्या कॅप्सूलमधल्या औषधाबद्दल, थॅलिडोमाइडबद्दल, तुम्ही वाचलंत ते खरं आहे. १९५७ साली जर्मनीत ते झोपेचं औषध म्हणून विकायला आलं, गरोदर बायकांनी घेतलं आणि हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. १९६१ मध्ये ते तिथल्या बाजारातून काढलं. तुमचा जीव घाबरणारच.

पण पुढचंही ऐका. बोस्टनच्या डॉ. ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं की कॅन्सरच्या गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात. त्या फुटू दिल्या नाहीत तर तिची उपासमार होते. कितीतरी वर्षं त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. १९९४ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं की थॅलिडोमाइड नेमक्या याच रक्तवाहिन्या रोखतं. तुमच्या मायलोमातही, म्हणजे या रक्ताच्या कॅन्सरमध्येही, हाडांच्या मगजात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. म्हणून अमेरिकेत आर्कान्सामध्ये, बाकी उपाय थकलेल्या ८४ रुग्णांना ते दिलं. १९९९ मध्ये निकाल छापून आला: साधारण तिघांतल्या एकाला गुण आला होता. हे औषध रक्तवाहिन्यांपलीकडेही बरंच काही करतं, हे नंतर कळलं. मला त्या फोकमनांच्या चिकाटीचं फार कौतुक वाटतं.

आई, आता तुझं काम. वहिनीला दिवस गेलेत, तेव्हा कॅप्सूलचा डबा तिच्या हाती अजिबात लागू देऊ नकोस. कॅप्सूल फोडायची नाही, उरलेली कुणाला द्यायची नाही. बाबांनी रात्री झोपतानाच घ्यावी, कारण गुंगी येते. पोट साफ होत नसेल तर लाजू नका, सांगा.

फुटाळा तलावावर फिरताना पायातली चप्पल निसटली तरी कळलं नाही म्हणालात ना बाबा? तळव्याच्या मुंग्या आणि हा बधिरपणा औषधाचाही असू शकतो. डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा, डोस तेच ठरवतील. एक पाय सुजला किंवा धाप लागली तर मात्र लगेच दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ करायची गोळी त्यासाठीच दिली आहे, ती चुकवू नका.

गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणता ती दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मायलोमात किडनी आधीच नाजूक असते. आणि नागपूरचं ऊन आहे, कूलरसमोर बसलात तरी पाणी पीत राहा.

नवा रिपोर्ट आला की दादाला फोटो पाठवायला सांगा. मी वाट बघतेय.

तुमची,
मनू