बाझेल मंडळ : शनिवारची सीमापार खरेदी

मंडळी,

शनिवारी आठ नंबरच्या ट्रॅमने जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाइनला जाणाऱ्यांसाठी. मागच्या खेपेला कस्टमच्या खिडकीशी जो गोंधळ झाला तो पुन्हा नको.

बिनकराच्या सामानाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून ३०० ऐवजी १५० फ्रँक आहे. माणशी, दर दिवशी. ओलांडलीत, तर वरच्या रकमेवर नाही, सगळ्या सामानावर स्विस कर बसतो. मटण-चिकन माणशी एक किलोच. त्याहून जास्त आणलंत, तर वरच्या प्रत्येक किलोला १७ फ्रँक जकात. म्हणजे स्वस्तात घेतलेलं चिकन इथल्याहून महाग! लोणीही एकच किलो, त्यामुळे कढवायच्या तुपाचा बेत जपून.

जर्मन कर परत हवा असेल तर बिल ५० युरोंच्या वर हवं. पैसे देतानाच काउंटरवर ‘आउसफूरशाइन’, म्हणजे कर परतीचा फॉर्म, मागा; परतताना जर्मन कस्टमचा शिक्का मारून घ्या आणि पुढच्या खेपेला त्याच दुकानात दाखवा. फॉर्म ट्रॅममध्ये गुडघ्यावर भरू नका. माझा पत्ता असा वाकडा आला की मलाच वाचता येईना.

रविवारी जाऊ म्हणणाऱ्यांनो, दुकानं बंद असतात. १ ऑगस्टला इथे सुट्टी, तिथे नाही; त्या दिवशी अर्धं बाझेल तिथेच असतं.

परतल्यावर जेवण स्टेशनजवळच्या मार्क्टहालेत. गाडे वेगवेगळे, ज्याने त्याने हवं ते घ्यावं. हिशोब आपापला. कापडी पिशव्या आणा.