श्वसन काय फक्त रात्रपाळीत चालतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतलं ‘सजीवांची लक्षणे’ वाचलं. सात लक्षणं, सात रंगांच्या चौकटी, छपाई झकास. पण ‘प्राणी नाकाने श्वसन करतात, वनस्पती रात्री’ हे वाक्य अजूनही छापलं जावं? नाकानं हवा आत-बाहेर होते तो श्वासोच्छ्वास. श्वसन म्हणजे पेशीत ग्लुकोज मोडून ऊर्जा काढणं. ते झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशीत दिवसरात्र चालतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणातून ऑक्सिजन जास्त सुटतो, म्हणून ते झाकलं जातं, इतकंच.

हा शब्दांचा कीस नाही. कुंडीच्या तळाचं भोक बुजलं की मातीच्या फटींतली हवा जाऊन तिथं पाणी साचतं. पाण्यात ऑक्सिजन हवेतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट हळू पसरतो. मुळांना ऊर्जा मिळत नाही, क्षार आणि पाणी ओढता येत नाही, आणि चिंब मातीत उभं झाड मान टाकतं. ‘सुकलं बिचारं’ म्हणून त्यावर आणखी तांब्याभर पाणी पडतं. झाड रात्री पानांनी श्वास घेतं एवढंच वाचलेल्याला मुळं गुदमरलीत हे सुचणार कुठून?

श्वसनात उष्णता सुटते हे दाखवणारा शेजारचा थर्मासचा प्रयोगही अर्धामुर्धा. ‘मोड आलेल्या बिया भरून झाकण घट्ट लावा’ म्हणे! घट्ट लावलं की आतला ऑक्सिजन संपतो आणि बिया आंबतात. तोंडाला कापसाचा बोळा हवा, तापमापीचा फुगा बियांत रुतलेला हवा. तुलनेसाठी दुसऱ्या थर्मासात उकळून गार केलेल्या बिया. दोन्हीकडच्या बिया आधी सौम्य जंतुनाशकानं धुवायच्या. ही पायरी आपण गाळलीत. दोन-तीन दिवसांत उकळलेल्या बियांवर बुरशी धरते, तिच्या श्वसनानं पारा चढतो आणि मेलेल्या बिया जिवंत ठरतात. मुलांनी मग निष्कर्ष काय लिहायचा?

आणि ‘यातले एकही लक्षण थांबले की सजीव मरतो’ हे तळाचं ठळक वाक्य! प्रजननाचंच बघा. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62, त्यांच्या संकरातून झालेल्या खेचराची 63. या गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत. तरी ते ओझी वाहत वर्षानुवर्षं ठणठणीत जगतं. प्रजनन थांबलं तर पुढं जाऊन जात संपते, तो एक जीव नव्हे. याउलट ऑक्सिजन तुटला तर मेंदूच्या पेशी चार-पाच मिनिटांत मरू लागतात, कारण पेशीत तयार ऊर्जेचा साठा असतो तो जेमतेम काही सेकंदांचा. दोन्ही एकाच दावणीला कशी बांधलीत?

जाता जाता, उत्सर्जनाच्या चौकटीत मोठ्या आतड्याचं चित्र आहे. मलात न पचलेला चोथा असतो. तो पेशींत कधी शिरलेलाच नसतो. पेशींच्या कामातून तयार होणारा टाकाऊ युरिया मूत्रपिंडं गाळतात, ते उत्सर्जन. दुरुस्ती छापाल तेव्हा चित्रही बदला, आणि कृपया मागच्या खेपेसारखी कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात नको.

कळावे,
एक नियमित वाचक