हमी वेशीवरच का थांबते?

महोदय,
मंदीची बातमी सर्वांत आधी वारज्याच्या मजूर अड्ड्यावर कळते. एरवी सकाळीच रिकामा होणारा कट्टा दुपार झाली तरी भरलेला असतो; डबे तिथेच उघडतात आणि गवंडी बिगाऱ्याच्या हजेरीवर जायला तयार होतो.

१९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली, मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी योजना (रोहयो) उभी केली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. तो पुण्यातल्या नोकरदारांच्या पगारातून आजही दरमहा कापला जातो, पण हमी मात्र महापालिकेच्या वेशीबाहेरच! १९३० च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकी सरकारने लाखो बेकारांना रस्ते, शाळा, वनीकरणाच्या कामावर घेतले. तेवढे लांब कशाला, केरळने २०१० मध्ये आणि राजस्थानने २०२२ मध्ये शहरी रोजगार योजना सुरू केल्या.

पुण्यात कामांना तोटा नाही. २०१९ चा आंबिल ओढ्याचा पूर आठवा. ओढ्यांकाठचा राडारोडा, टेकड्यांवरचे बुजलेले चर, उखडलेले पदपथ आहेतच. फक्त ही कामे ठेकेदाराच्या जेसीबीला देऊ नयेत आणि मजुरी दर आठवड्याला थेट खात्यात जमा व्हावी. (रखडलेली मजुरी हे रोहयोचे जुनेच दुखणे.) महापालिकेने येत्या अंदाजपत्रकात निदान एका क्षेत्रीय कार्यालयापुरती तरतूद करावी.

– एक वाचक, वारजे, पुणे