रविवारच्या बैठकीची आठवण

टपाल तिकिटे जमवणाऱ्या सभासद मंडळी, येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता, ठाण्यात नेहमीच्याच जागी. तलावपाळीला पार्किंगची बोंब असते, तेव्हा शक्यतो रिक्षाने या.

विषय : कोपनहेगनची तिवोली बाग. १५ ऑगस्ट १८४३ रोजी सुरू झालेली ही बाग आजही चालू आहे. तिथल्या १९१४च्या लाकडी रोलर कोस्टरवर अजूनही ब्रेक लावायला माणूस बसतो! बागेच्या दीडशेव्या वर्षी, १९९३ मध्ये, डेन्मार्कच्या टपाल खात्याने काढलेली तिकिटे पाहायला मिळतील. तिकीट चिमट्यानेच उचला. भज्यांच्या हाताने अजिबात नको. पाकिटावर चिकटलेली तिकिटे असतील तर ओढून काढू नका, कागदासकट कापून आणा.

वर्गणी राहिलेल्यांनी ती त्याच दिवशी द्यावी.