उताराला गाडी आहे

ल्युसर्न, स्वित्झर्लंड,
२७ ऑक्टोबर

प्रिय सुधा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "माझे डोंगर आता संपले गं," आणि लगेच अळूवडीचा विषय काढलास. तेव्हा मला काही बोलायला सुचलं नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे. लेक-जावई कामावर गेलेत, नात पाळणाघरात आहे आणि बाहेर धुकं इतकं दाटलंय की समोरचं घरही दिसत नाही.

या धुक्यापासूनच सुरुवात करते. शरद ऋतू लागला की इथे तळ्यावर थंड हवा साचून राहते. वरची हवा उबदार, त्यामुळे खालचं धुकं हलत नाही, पातेल्यावर झाकण ठेवावं तसं बसून राहतं. गाव दिवसभर राखाडी असतं आणि डोंगरमाथ्यावर लख्ख ऊन! म्हणून इथली माणसं आधी माथ्यावरच्या वेबकॅमचं चित्र बघतात, मगच तिकीट काढतात. मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात इथल्या पिलाटस डोंगरावर गेले. दातेरी रुळांची १८८९ सालची रेल्वे, ४८ टक्क्यांपर्यंत चढ, अशा रेल्वेंमध्ये जगातली सगळ्यात उभी. वर पोचले तर सगळं ढगात. जुलैतला हरिश्चंद्रगड आठव, अगदी तसं. दोन हजार मीटरवर दोन तास बसून मी फक्त पिवळ्या चोचीचे काळे डोंगरकावळे पाहिले. माझ्या हातातल्या थालीपिठावर डोळा ठेवून कठड्यावर बसले होते.

पण तुला सांगायचंय ते रिगी डोंगराचं. उंची १७९८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा दीडशे मीटरच जास्त. जवळच टिटलिस आहे, ३२३८ मीटर. बर्फ बघायचा असेल तर तिथे जावं. तळी बघायची तर मात्र रिगीच, हे माझं ठाम मत झालंय. ल्युसर्नच्या तळ्याचं पाणी ४३४ मीटरवर आहे, त्याच्या फार वर गेलं की ते नकाशासारखं सपाट वाटायला लागतं. रिगीवरून त्याचे फाटे, खाड्या, वळणं सगळं कळतं. डोंगराच्या तिन्ही अंगांना तीन तळी आहेत. मोठं ल्युसर्नचं, उत्तरेला झुगचं आणि पूर्वेला छोटंसं लाउएर्झचं.

आता गुडघ्याचं. तुझा गुडघा चढाला कधीच कुरकुरला नाही. कळसूबाईच्या शिड्यांवर तू कायम माझ्या पुढे होतीस. तुला छळलं ते उताराने. ऑपरेशननंतर डॉक्टरही "चाला, पण उतार टाळा" असंच म्हणाले ना? आपल्याकडे हे जमायचं कसं? जो चढला त्याला उतरावंच लागतं. इथे तसं नाही गं! चढ पायांनी चढायचा आणि खाली गाडीने यायचं. माझ्या वयाच्या बायका हेच करतात, आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

मी बोटीने फिट्झनाऊला गेले. तिथून निघणारी रेल्वे १८७१ची, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे, निक्लाउस रिगेनबाख नावाच्या इंजिनिअरने बांधलेली. त्याआधी हौशी पाहुण्यांना खुर्चीत बसवून माणसं खांद्यावरून वर न्यायची, गिरनारच्या डोलीसारखी. मी काल्टबाडला उतरले आणि तिथून माथ्यापर्यंत चालत गेले. साडेतीनशे मीटरचा चढ असेल, पण वाट रुंद, मध्ये मध्ये बाकं. पिवळ्या पाट्यांवर अंतर लिहिलेलं नसतं, वेळ लिहिलेली असते. मला त्याच्या दीडपट लागली. लागू दे. मध्येच थकवा आला तर वाटेत स्टेशनं आहेत, पुढची गाडी पकडायची.

वाटेत एका कड्याला हात लावला आणि तिथेच थांबले. आपल्या काळ्या कातळाची सवय झालेल्या हाताला हे काही निराळंच लागलं. कडाच्या कडा नदीतल्या गोट्यांचा! लाल, करडे, पांढरे, लिंबाएवढे, नारळाएवढे, सगळे गुळगुळीत आणि एकमेकांना घट्ट चिकटलेले, काँक्रीट ओतल्यासारखे. इथे याला नागेलफ्लू म्हणतात, म्हणजे खिळ्यांचा कडा, कारण गोटे खिळ्यांच्या डोक्यांसारखे बाहेर डोकावतात. आल्प्स वर येत होते तेव्हा नद्यांनी खाली वाहून आणलेला हा गाळ आणि गोटे, साधारण अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीचे. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटींच्या पुढचा. या दगडापेक्षा आपला दगड दुपटीने जुना, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

माथ्यावरून समोर रॉसबेर्ग डोंगर दिसतो. त्याच्या कुशीवर एक लांब ओरखडा आहे. २ सप्टेंबर १८०६ला, भरपूर पावसानंतर, याच गोट्यांच्या खडकाचा थर खालच्या चिकणमातीवरून घसरला आणि गोल्डाउ गाव त्याखाली गेलं. ४५७ माणसं मेली. दरड लाउएर्झच्या तळ्यात शिरली तेव्हा पाण्याची लाट उठली. मी तो ओरखडा बघत उभी होते आणि डोळ्यांपुढे दरडीखाली गेलेलं माळीण होतं. तूही तेच म्हणाली असतीस. भीमाशंकरला जाताना त्या बाजूला बघणं आपण दोघींनीही २०१४नंतर कसं टाळलं, आठवतं? इथे त्या दरडीच्या शिळा अजून झाडीत पडून आहेत. त्यांच्यामध्येच आज प्राण्यांचं उद्यान आहे, मुलं खेळतात. मला ते बघून आधी कसंसंच झालं, मग वाटलं, दोनशे वर्षं गेलीत.

आता जे सांगणार आहे ते फोनवर मुद्दाम सांगितलं नव्हतं.

अकराचा सुमार असेल. उत्तरेचा कडा सरळ खाली तुटतो, आणि त्या बाजूचं झुगचं तळं पूर्ण धुक्याखाली होतं. ऊन माझ्या पाठीवर. खालून धुक्याची एक वाफ कड्याच्या अंगाने वर आली आणि तिच्यावर माझी सावली पडली. सावलीच्या डोक्याभोवती गोल रंग होते. आत पिवळसर, मग लाल, त्याबाहेर पुन्हा एक फिकट कडं. सुधे, इंद्रवज्र! हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर आपण तीन पावसाळे ज्याच्यासाठी भल्या पहाटे जाऊन बसलो आणि तिन्ही वेळा भिजून परतलो, ते इथे, असं न मागता समोर आलं. मी हात वर केला, सावलीनेही केला. शेजारी एक आजोबा उभे होते. मी खुणेने त्यांना दाखवलं तर ते हसून स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवायला लागले. मग लक्षात आलं, ज्याचं त्याला आपल्याच डोक्याभोवती दिसतं. त्यांना त्यांचं दिसत होतं, मला माझं. अर्ध्या मिनिटात वाफ विरली. मी कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले, आणि खरं सांगू, रडले. तू शेजारी असतीस तर तुला तुझं दिसलं असतं.

म्हणून आता मुद्द्याचं. मी डिसेंबरात नाशिकला येते आणि जूनमध्ये पुन्हा इकडे यायचं ठरलंय. तू माझ्याबरोबर चल. जूनमध्ये धुक्याचा समुद्र मिळणार नाही, पण कुरणं फुलांनी भरलेली असतात. पहिल्या दिवशी काल्टबाडहून शायडेगच्या बाजूला चालू. १९३१मध्ये बंद पडलेल्या एका रेल्वेचा तो मार्ग आहे, रूळ उचलून वाट केलेली. रेल्वेचीच वाट, त्यामुळे जवळजवळ सपाट, मध्ये एक जुना लोखंडी पूल. गुडघा काय म्हणतो ते तिथे बघू. ठीक असला तर दुसऱ्या दिवशी माथा. पिलाटसचं माझं उधारही फेडायचंय, पण या खेपेला वेबकॅम बघून. तिकिटं महाग आहेत, खोटं कशाला सांगू. पण अर्ध्या भाड्याचं कार्ड मिळतं, आणि डबा आपण घरूनच नेऊ.

पासपोर्टची मुदत आजच बघ. आणि कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातल्या त्या पोराने तुला कापून दिलेली काठी माळ्यावर असेल, ती खाली काढून ठेव.

तुझी,
माया