आधी ताटांची सक्ती थांबवा

महोदय,
लग्नासाठी कर्ज काढणाऱ्यांवरचा आपल्या अंकातील कालचा लेख वाचला. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हा उपदेश एकट्या वधूपित्याला करून काय साधणार?

गेल्या मार्गशीर्षात मुलीचे लग्न केले. आम्हाला आणि व्याह्यांनाही घरची १०० माणसेच हवी होती. कर्वेनगरपासून वारज्यापर्यंत कार्यालये पाहिली. जिथे विचारावे तिथे कमीत कमी ३०० ताटांचे पैसे भरा आणि केटरर आमचाच, ही अट. तेवढे पैसे जाणारच म्हटल्यावर घरातलेच म्हणू लागले, मग बोलवा की सगळ्यांना! त्यात आहेराची वही निघाली. ज्यांच्या मुलांच्या लग्नांत आम्ही पंगतीला बसलो, त्यांना आमच्याकडे आमंत्रण नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? यादी वाढत गेली आणि मी पतसंस्थेचे कर्ज काढले. त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारने लग्नाला २५ माणसे आणि दोन तास अशी मर्यादा घातली होती, मोडल्यास ५० हजार रुपये दंड. पुतणीचे लग्न त्याच काळात झाले. कुणी रुसले नाही, कुणाचे नाक कापले गेले नाही, कारण शेजारच्या घरीही २५च माणसे होती. निर्बंध उठले आणि सगळे पूर्वपदावर आले. माणसे तीच, ऐपतही तीच. एकट्याने हात आखडला की तो चिक्कू ठरतो आणि मुलीला सासरी ऐकून घ्यावे लागते.

१८७५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे झाले, तेव्हाही शेतकरी लग्नात पैसा उधळतो म्हणून बुडतो, असेच म्हटले जात होते. चौकशी आयोगाने मात्र या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेल्याचे नोंदवले. आपल्या लेखकांनी ते जरूर वाचावे आणि कार्यालयांच्या या सक्तीवर लिहावे.

जाता जाता आणखी एक. पत्रिकेत मुहूर्त १२.३५चा छापायचा आणि पुढाऱ्यांचे सत्कार उरकेपर्यंत म्हाताऱ्या माणसांना हातात अक्षता घेऊन ताटकळत ठेवायचे, हेही आता थांबले पाहिजे.

– एक वधूपिता, सिंहगड रस्ता, पुणे